नेरुळच्या गॅलरीत बांधलेल्या मुंबई बंदराच्या दोन चिलखती नौका

माझा भाचा ऐरोलीला राहतो. तो आणि त्याचे तीन मित्र महिन्यातून एखाद्या रविवारी टेबलावर निळे कापड अंथरून जुनी नौयुद्धे खेळतात. फासे, फूटपट्टी, तोफांचे पल्ले आणि चिलखतांच्या जाड्या यांचे तक्ते, आणि जहाजांच्या जागी नावे लिहिलेले पुठ्ठ्याचे तुकडे, एवढाच त्यांचा संसार होता. मार्च १८६२ मधली ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’ यांची झुंज आणि २० जुलै १८६६ रोजी ऑस्ट्रिया व इटली यांच्या आरमारांत झालेली लिसाची लढाई त्यांनी इतक्या वेळा खेळली होती, की इटलीची ‘रे दितालिया’ कोणत्या फेरीत धडक खाऊन बुडणार यावर आधीच पैजा लागत. माझा त्या खेळाशी संबंध चहा-पोह्यांपुरताच होता. एका रविवारी मात्र भाचा म्हणाला, “मावशी, तू इतकी वर्षे गणपतीची मखरे करतेस, तर आम्हाला खरी दिसणारी दोन जहाजे करून दे की.”

मखरे मी करते हे खरे. थर्माकोलवर बंदी येईपर्यंत थर्माकोलची करत होते आणि २०१८ नंतर पुठ्ठ्याची करते, त्यामुळे कापायची आणि चिकटवायची हाताला सवय आहे. मी होकार दिला, पण जहाजे आपल्या बंदरातली असतील तरच करीन, अशी अट घातली. मुंबई बंदरात अशी चिलखती जहाजे कधी होती की नाही, हे अट घालताना मला ठाऊक नव्हते.

ती होती, आणि नेमकी दोनच होती. १८६३ साली जुनी इंडियन नेव्ही मोडीत काढल्यावर मुंबईला स्वतःचे लढाऊ आरमार उरले नव्हते. बंदराच्या रक्षणासाठी इंग्लंडमध्ये दोन चिलखती नौका बांधून घेण्यात आल्या आणि १८७० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या पाण्यात उतरल्या. एकीचे नाव ‘अ‍ॅबिसिनिया’ आणि दुसरीचे ‘मॅग्डाला’. दोन्ही नावे १८६८ च्या अ‍ॅबिसिनिया मोहिमेवरून ठेवलेली आहेत. मुंबई लष्कराचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखालची फौज याच बंदरातून हत्तींसह रवाना झाली होती आणि तिने १३ एप्रिल १८६८ रोजी मॅग्डालाचा डोंगरी किल्ला घेतला होता. दोन्ही नौकांना शिडे नव्हती. वाफेच्या इंजिनांवर आणि दोन पंख्यांवर त्या चालत, आणि प्रत्येकीच्या दोन फिरत्या बुरुजांत १० इंची, १८ टनी अशा चार तोफा होत्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत दोघींची रवानगी भंगारात झाली. दररोज ठाण्याच्या खाडीवरून लोकलने जाणाऱ्या मला हे सगळे पन्नाशीला टेकल्यावर कळावे, याची थोडी लाजही वाटली.

भंगारात गेलेल्या जहाजाची प्रतिकृती करायची तर मोजमाप कुठून आणायचे, हा पहिला प्रश्न होता. मॅग्डालाचे जे चित्र मला पहिल्यांदा मिळाले, त्यात तिला तीन उंच डोलकाठ्या आणि दोरखंडांचे जाळे होते. शिडे नसलेल्या जहाजाला एवढ्या डोलकाठ्या कशासाठी, या एका शंकेत माझे दोन आठवडे गेले. उलगडा झाला तेव्हा कळले, की इंग्लंडहून मुंबईपर्यंतच्या लांबच्या प्रवासापुरत्या तिला तीन तात्पुरत्या डोलकाठ्या लावल्या होत्या. म्हणजे ते चित्र खोटे नव्हते, पण ज्या मॅग्डालाने बंदरात पहारा दिला ती त्या चित्रात नव्हती. तेव्हापासून मी एक नियम पाळते. जहाजाचे नाव ठरवून थांबायचे नाही, त्याचे सालही ठरवायचे. मॅग्डालाच्या मूळ तोफा १८९२ साली काढून तिच्यावर ८ इंची, मागून भरायच्या तोफा बसवल्या गेल्या. आम्ही १८८५ साल धरले, त्यामुळे तोफा १० इंची आणि तोंडातून भरायच्या, डोलकाठी एकच आणि धुराडे एकच, हे सगळे आपोआप ठरून गेले.

मोजमापांसाठी खरा आधार मिळाला तो मेलबर्नच्या किनाऱ्यावर. ब्रिटिश जहाजांचे आराखडे करणारे एडवर्ड रीड यांच्या आराखड्यावरून मॅग्डालाची जुळी बहीण म्हणावी अशी ‘सेर्बेरस’ नावाची नौका ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीसाठी बांधली गेली होती. १९२६ साली ती हाफ मून बे येथे लाटा अडवण्यासाठी मुद्दाम बुडवण्यात आली आणि आजही ती तिथेच आहे. १९९३ साली तिचा सांगाडा खचला, २००५ साली बुरुजांवरचा भार कमी करण्यासाठी चारही तोफा काढून शेजारी समुद्रतळावर ठेवण्यात आल्या, पण तिचे दोन्ही बुरूज अजून पाण्याबाहेर दिसतात. मुंबईची नौका समजून घ्यायला मेलबर्नमधली बुडालेली नौका निरखावी लागते, हा प्रकार मला फार विलक्षण वाटला. तिची छायाचित्रे आणि आराखडे पुष्कळ उपलब्ध आहेत. शिवाय गंजलेल्या, खचलेल्या लोखंडात एक गोष्ट कोणत्याही कोऱ्या आराखड्यापेक्षा स्पष्ट दिसते. मधोमध चिलखती भिंतींचा उंच वाडा, त्याच्या दोन टोकांना एकेक बुरूज, आणि बाकीचा सगळा डेक पाण्यापासून जेमतेम वर. बुटक्या डेकच्या, बुरुजांच्या युद्धनौकेला ‘मॉनिटर’ म्हणतात, आणि या वाड्यामुळेच या नौकांना ‘ब्रेस्टवर्क मॉनिटर’ म्हणतात. बुरूज, धुराडे आणि खाली जाण्याच्या वाटा वाड्यावर उंच राहिल्या, की डेकवरून पाणी वाहून गेले तरी ते आत शिरत नाही.

प्रमाण आम्ही १:६०० घेतले. मॅग्डालाची लांबी २२५ फूट आणि रुंदी ४५ फूट. ६०० ने भागल्यावर लांबी साधारण ११४ मिलिमीटर आणि रुंदी २३ मिलिमीटरला थोडी कमी येते, म्हणजे तळहातावर मावेल एवढी नौका. परदेशात १:१२०० आणि १:२४०० ही प्रमाणेही चालतात आणि खेळायला ती अधिक सोयीची आहेत, पण ५७ मिलिमीटरच्या नौकेवर तोफ बसवायला माझे डोळे आता तयार नाहीत.

आराखडा छापायला मी स्टेशनजवळच्या एका दुकानात दिला. घरी येऊन स्टीलची पट्टी लावली तर ११४ च्या जागी १११ मिलिमीटर. दुकानातल्या यंत्राने चित्र कागदात बसावे म्हणून आपल्या मनाने ते लहान करून छापले होते. दुसऱ्या वेळी मी आराखड्याच्या कडेला बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ काढून दिली आणि ती रेघ पट्टीवर तपासल्याशिवाय कागद ताब्यात घेतला नाही. हे काम करायला निघालेल्याने एवढी एक सवय लावून घेतली, तरी पुढचे पुष्कळ साहित्य वाचेल.

यानंतरची चूक मात्र सर्वस्वी माझी होती. मखरांच्या कामातून उरलेला ३ मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे हलका फोमचा पत्रा, घरात होता. तो कापायला सोपा, कडा स्वच्छ येतात आणि फेविक्विकने पटकन चिकटतो. मी त्याचा सांगाडा कापला, त्यावर सनबोर्डचाच वाडा बसवला, बुरूज ठेवले, आणि सगळे मापात असल्याबद्दल स्वतःवर खूश होऊन छायाचित्र भाच्याला पाठवले. त्याचे उत्तर आले, “मावशी, ही तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच वाटते!” राग आला, पण छायाचित्र पुन्हा पाहिले तेव्हा तो बरोबर बोलतोय हे पटले. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, आणि तरीही नौका चुकलेली. ती पाण्यावर तरंगत होती. मॉनिटर पाण्यात बसते.

काय चुकले आहे हे मला शब्दांत सांगितले ते दिवाळे गावातल्या एका कोळीकाकांनी. ते नारळी पौर्णिमेच्या सुमारास सागवानाच्या छोट्या होड्या करतात. त्यांच्याकडे मी बारीक कानस कुठे मिळते हे विचारायला गेले होते आणि सोबत माझी नौका नेली होती. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि एवढेच विचारले, “हिला पाणी कुठवर?” माझ्याकडे उत्तर नव्हते. ते होडी करताना आधी पाण्याची रेघ मारतात आणि मग त्या रेघेच्या वर किती आणि खाली किती ते ठरवतात. मी मात्र लांबीपासून सुरुवात केली होती आणि उंची सनबोर्डच्या जाडीवर सोडून दिली होती. घरी येऊन हिशेब मांडला. ३ मिलिमीटर गुणिले ६०० म्हणजे १.८ मीटर, जवळजवळ ६ फूट. सेर्बेरसच्या डेकची पाण्यापासूनची उंची तीन-साडेतीन फुटांच्या आसपास होती, आणि लढाईच्या वेळी टाक्यांत पाणी भरून ती आणखी खाली बसू शके. म्हणजे माझ्या नौकेचा डेक खऱ्यापेक्षा दुपटीच्या जवळपास उंच झाला होता. लांबीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. उंचीत दीड मिलिमीटरचा फरक पडला आणि चिलखती नौकेची लाँच झाली.

दीड मिलिमीटरचा पातळ आणि ताठ पत्रा शोधत मी तुर्भ्याला पाट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. त्यांच्याकडे अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यांच्या कापलेल्या पट्ट्यांचा ढीग पडलेला असतो आणि त्यातल्या दीड मिलिमीटर जाडीच्या चार-पाच पट्ट्या त्यांनी मला फुकट दिल्या. दीड मिलिमीटर म्हणजे खऱ्या मापात ०.९ मीटर, जवळजवळ ३ फूट. एवढे नेमके माप आयते हाती येईल अशी माझी अपेक्षा नव्हती. अ‍ॅक्रिलिकवर आराखडा चिकटवून सरळ भाग कटरने खोलवर ओरखडून मोडायचा, नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, आणि पिछाडीचा बाक बारीक करवतीने बाहेरून कापायचा आणि उरलेले कानशीने घासत रेघेपर्यंत आणायचे, अशी पद्धत बसली. करवत घाईने चालवली की अ‍ॅक्रिलिक तापून वितळते आणि पाते त्यातच अडकते. पहिली दोन पाती मोडल्यावर हातात संयम आला.

टाकून द्यायला निघालेला ३ मिलिमीटरचा सनबोर्ड मधल्या वाड्यासाठी उपयोगी पडला. वाड्याची दोन्ही टोके गोलाकार आहेत आणि बुरूज त्या गोलाईत अर्धे बुडालेले दिसतात, म्हणून तिथे एम-सीलची पातळ वळी दाबून, सुकल्यावर पॉलिश पेपरने तासली. बुरुजांसाठी त्याच कारखान्यातून १२ मिलिमीटर व्यासाचा अ‍ॅक्रिलिकचा दांडा आणला होता, पण आराखड्यावर मोजलेला व्यास त्याहून किंचित मोठा येत होता, म्हणून दांड्याच्या चकतीभोवती जाड ड्रॉइंग पेपरचे दोन वेढे दिले. तोफांसाठी १ मिलिमीटरची पितळी तार वापरली. तारेचा बुरुजाबाहेरचा भाग मुद्दाम आखूड ठेवला आहे, कारण या तोफांची नळी लांब नसे. लोकांच्या डोक्यात तोफ म्हटले की पुढच्या काळातल्या लांबलचक नळ्या असतात, आणि बाजारात विकत मिळणाऱ्या प्रतिकृतींतही पुष्कळदा हीच चूक दिसते. धुराड्याला बॉलपेनची रिकामी रिफिल आणि डोलकाठीला टाचणी पुरली. वाड्यावरच्या अरुंद पुलासारख्या डेकला व्हिजिटिंग कार्डाचा पुठ्ठा चालला. प्रत्येक कठडा आणि प्रत्येक शिडी दाखवण्याचा मोह मी टाळला. खेळणारा माणूस नौका दीड-दोन फुटांवरून पाहतो आणि बोटांत धरून सरकवतो, त्यामुळे बोटाला जे टोचते ते मोडतेच.

मॅग्डाला झाली म्हणून मी त्याच साच्यावर अ‍ॅबिसिनियाचाही सांगाडा कापून ठेवला होता. दोघींची नावे इतक्या वेळा एकत्र वाचली होती, की त्या हुबेहूब एकसारख्या असणार असे मी गृहीतच धरले. मग एका संध्याकाळी आकडे पुन्हा पडताळताना दिसले, की अ‍ॅबिसिनियाची रुंदी ४२ फूट आहे आणि वजन मॅग्डालाच्या ३,३४० टनांच्या तुलनेत २,९०० टन. लांबी तेवढीच, पण ती थोडी सडपातळ आणि कमी खर्चात बसवलेली. बांधणारेही वेगळे होते. मॅग्डाला ‘थेम्स आयर्नवर्क्स’ची, म्हणजे प्रसिद्ध चिलखती युद्धनौका ‘वॉरियर’ जिथे बांधली गेली त्याच गोदीची, आणि अ‍ॅबिसिनिया डजन यांच्या गोदीतली. ३ फुटांचा फरक १:६०० मध्ये दीड मिलिमीटर होतो. कापलेला सांगाडा दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण मिलिमीटर घासून मी तो वाचवला. टेबलावर शेजारी ठेवल्यावर दोघींतला फरक डोळ्यांना जाणवतो, आणि खेळात कोणती नौका कोणाची यावरून होणारी भांडणेही त्यामुळे टळतात.

रंगाला जुलै उजाडला. नेरुळच्या पावसाळी हवेत स्प्रेचे काम काढणे हा शुद्ध मूर्खपणा होता, हे मला आता मान्य आहे. काळा सांगाडा, पांढरा वरचा भाग आणि पिवळसर धुराडे हा व्हिक्टोरियन आरमाराचा ओळखीचा वेश मी घेतला. रंग छान बसला, पण शेवटचा पारदर्शक थर दिल्यावर दहा मिनिटांत दोन्ही नौकांवर दुधी साय आली. हवेतला ओलावा त्या थरात अडकला की असे होते. एका कोरड्या दुपारी, खोलीत पंखा आणि टेबल लॅम्प लावून, त्याच पारदर्शक स्प्रेचा अगदी हलका हात पुन्हा दिला तेव्हा बरीचशी साय विरली. अ‍ॅबिसिनियाच्या पिछाडीला थोडी राहिली आहे, ती मी समुद्राचे मीठ म्हणून खपवते.

शत्रू कोण, हा प्रश्न भाच्याने सोडवला. १८८५ साली अफगाण सरहद्दीवर पंजदेहचा संघर्ष झाला आणि इंग्लंड व रशिया युद्धाच्या उंबरठ्यावर आले. रशियन क्रूझर अचानक बंदरांवर चालून येतील ही भीती त्या काळी खरी होती. प्रत्यक्षात मुंबईवर हल्ला झाला नाही, म्हणून आमची लढाई कल्पित आहे, पण ‘मिनिन’ आणि ‘जनरल-अ‍ॅडमिरल’ ही रशियन जहाजे कल्पित नाहीत. त्यातल्या मिनिनची हकीकत आमच्या विषयाला फारच जवळची निघाली. तीही आधी बुटक्या डेकची, बुरुजांची नौका म्हणूनच बांधली जात होती. पण ७ सप्टेंबर १८७० रोजी ब्रिटिशांची ‘कॅप्टन’ ही बुटकी, बुरुजांची आणि तरीही पूर्ण शिडांची नौका वादळात उलटली, तिच्याबरोबर फिरत्या बुरुजाचा पुरस्कर्ता कूपर कोल्स स्वतः बुडाला, आणि रशियनांनी मिनिनचा आराखडा बदलून टाकला. कोळीकाकांचा प्रश्न तेव्हा निरनिराळ्या देशांच्या गोद्यांमध्येही विचारला जात होता, असे म्हणायला हरकत नाही. रशियन जहाजे मी अजून केलेली नाहीत. त्यांच्या जागी सध्या पुठ्ठाच आहे.

खेळ आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये झाला. आधी एक अडचण निस्तरावी लागली. गेटवेपासून घारापुरी १० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि नौकांचेच प्रमाण समुद्राला लावले तर ते अंतर १६ मीटरहून अधिक भरते. एवढे टेबल कुणाकडे असणार? म्हणून समुद्राचे प्रमाण वेगळे आणि नौकांचे वेगळे ठेवावे लागते. नौका त्यामुळे नकाशाच्या मानाने राक्षसी दिसतात, पण सगळे नौयुद्धाचे खेळ असेच चालतात. माझ्या वाट्याला उथळ जागा कापण्याचे काम आले आणि ते मी फार आवडीने केले, कारण ओहोटीला खाडीचा चिखल किती दूरवर उघडा पडतो हे मी इतकी वर्षे लोकलच्या खिडकीतून पाहत आले आहे. मोठ्या उधाणाला इथे पाण्याची पातळी चार-साडेचार मीटरनी वरखाली होते. मॅग्डालाला तरंगायला साधारण १५ फूट पाणी लागते आणि रशियन क्रूझरना २० फुटांहून अधिक. म्हणून भाच्याने दर चौथ्या फेरीला ओहोटीचा नियम घातला: फोमच्या शीटचे उथळ तुकडे एकेक करून मोठे होत जायचे.

मॅग्डालाचा वेग ताशी साडेदहा सागरी मैलांच्या आसपास आणि अ‍ॅबिसिनियाचा साडेनऊच्या, त्यामुळे पाठलाग करून कुणाला पकडणे त्यांना शक्यच नव्हते. दोघींनी उथळ पाण्याच्या कडेला पाठ लावून उभे राहावे आणि शत्रूने आत यायचे धाडस करण्याची वाट पाहावी, असे आमचे ठरले. रशियनांकडून खेळणाऱ्या मुलाने लांबून मारा करत बराच वेळ घालवला. बुटक्या नौकेवर नेम धरताना फाशांत दंड लागतो, आणि त्याचे गोळे एकामागून एक पाण्यात गेले. वैतागून त्याने जनरल-अ‍ॅडमिरल जवळ आणले. तिसऱ्या ओहोटीला ते चिखलात रुतले आणि १० इंची तोफांच्या टप्प्यात उभे राहिले. पुढच्या फेरीत मिनिनला गाठण्याच्या नादात मीच मॅग्डाला पुढे सरकवली आणि माझ्याच हाताने कापलेल्या उथळ तुकड्यावर तिला चढवले. नियमाप्रमाणे तिला भरतीपर्यंत हलता येत नव्हते. भाच्याने काही न बोलता फोमच्या तुकड्याकडे बोट दाखवले.

परत आणताना मिठाईच्या डब्यातल्या कापसात मॅग्डालाची टाचणीची डोलकाठी वाकली. ती काढून आता तिथे गिटारची पातळ तार बसवली आहे. तुर्भ्याहून आणलेल्या पट्ट्यांपैकी दोन शिल्लक आहेत, पण मिनिनच्या डेकला दीड मिलिमीटर पुरणार नाही. तिच्या आराखड्यावर या खेपेला मी सगळ्यात आधी पाण्याची रेघ मारली आहे आणि त्या रेघेच्या वरचे मोजमाप चालू आहे.